शालेय गणवेशाचा कौटुंबिक खर्च (महाराष्ट्र)

शालेय गणवेशाचा कौटुंबिक खर्च म्हणजे शाळेने ठरवून दिलेला पोशाख आणि त्याला जोडून येणारे बूट, पायमोजे, पट्टा, टाय यांसारख्या वस्तूंसाठी पालकांना करावा लागणारा खर्च होय. महाराष्ट्रात शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना शासनाच्या योजनांतून मोफत गणवेश दिला जातो. खाजगी अनुदानित व विनाअनुदानित शाळांत, तसेच नववीपासून पुढे, हा खर्च सर्वसाधारणपणे कुटुंबालाच करावा लागतो.

गणवेशामुळे वर्गातील आर्थिक विषमता झाकली जाते, हा त्याच्या समर्थनार्थ दिला जाणारा प्रमुख युक्तिवाद आहे. मात्र ही समानता विद्यार्थ्याच्या अंगावर दिसते. तिची किंमत प्रत्येक कुटुंबाला आपापल्या ऐपतीतून मोजावी लागते. त्यामुळे गणवेश कोणी पुरवायचा, तो कोठून घ्यायचा आणि तो केव्हा मिळतो, हे प्रश्न महाराष्ट्राच्या शिक्षण प्रशासनात वारंवार चर्चेत आले आहेत.

शब्द व पार्श्वभूमी

‘गणवेश’ हा शब्द गण (समूह) आणि वेश (पोशाख) या दोन संस्कृत शब्दांपासून बनला आहे. बोलीभाषेत ‘युनिफॉर्म’ किंवा ‘शाळेचे कपडे’ असेही म्हटले जाते.

शालेय गणवेशाचा उगम इंग्लंडमधील धर्मादाय शाळांशी जोडला जातो. लंडनमध्ये १५५२ साली स्थापन झालेल्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत गरीब मुलांना निळा लांब डगला दिला जात असे. म्हणजे आरंभी गणवेश हा कुटुंबावरील खर्च नसून गरीब मुलांना मिळणारे मोफत वस्त्र होते. पुढे श्रीमंतांच्या निवासी शाळांनी स्वतंत्र पोशाख ठरवले आणि गणवेश प्रतिष्ठेचे चिन्ह बनला. ब्रिटिश काळात मिशनरी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांमधून ही पद्धत भारतात रुजली. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी शाळांतही सर्वत्र पसरली. महाराष्ट्रात पांढरा सदरा व खाकी अर्धी चड्डी, तसेच मुलींसाठी पांढरा ब्लाऊज व निळा स्कर्ट हा पोशाख अनेक दशके प्रचलित होता. आजही जुन्या पिढीच्या शालेय आठवणींत त्याचा उल्लेख आढळतो.

खर्चाचे घटक

गणवेशाचा खर्च केवळ सदरा आणि पँट यांपुरता मर्यादित नसतो. सामान्यतः त्यात पुढील घटक येतात:

• नियमित गणवेशाचे किमान दोन जोड
• खेळाच्या तासासाठी वेगळा गणवेश; काही शाळांत गटाच्या रंगाचा टी-शर्ट
• काळे बूट, खेळाच्या दिवशी पांढरे बूट आणि दोन्हींचे पायमोजे
• टाय, पट्टा, हिवाळ्यात स्वेटर किंवा ब्लेझर
• कापड स्वतंत्र घेतल्यास शिलाई, तसेच वर्षभराची धुलाई, इस्त्री व दुरुस्ती

दोन जोड ही चैनीची बाब मानता येत नाही. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि त्यानंतरचे तीन-चार महिने पावसाचे असतात. एकच जोड असल्यास रात्री धुतलेला गणवेश सकाळपर्यंत वाळत नाही. कोकणात व घाटमाथ्यावर ही अडचण अधिक जाणवते. अशा वेळी विद्यार्थ्याला ओलसर किंवा मळका गणवेश घालावा लागतो, नाहीतर साध्या कपड्यांत शाळेत जावे लागते.

खर्चाची वेळ हाही महत्त्वाचा भाग आहे. गणवेश, वह्या, दप्तर आणि प्रवेशाशी संबंधित इतर देणी एकाच सुमारास येतात. शेतकरी कुटुंबांत याच काळात खरिपाच्या पेरणीसाठी बियाणे व खते घ्यावी लागतात आणि मागील हंगामाचा पैसा बहुधा संपत आलेला असतो. त्यामुळे वर्षभरात विभागली असती तर झेपणारी रक्कम जूनमध्ये जड जाते. दोन किंवा तीन अपत्ये शाळेत असल्यास हा ताण वाढतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत शिक्षणावरील घरगुती खर्चाची पाहणी करण्यात आली. त्यात पुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश यांचा खर्च एकाच शीर्षाखाली नोंदवण्यात आला होता. त्यामुळे केवळ गणवेशावर कुटुंबे किती खर्च करतात, हे त्या शीर्षातून वेगळे काढता येत नाही.

वापराचे आयुष्य व पुनर्वापर

गणवेशाचा खरा भार त्याच्या किमतीइतकाच तो किती काळ वापरता येतो यावरही अवलंबून असतो. वाढत्या वयात कपडे फाटण्याआधीच आखूड होतात. म्हणून पालक गणवेश ‘वाढत्या अंगाचा’ घेतात. शिंप्याकडून शिवून घेताना शिवणीत ‘माया’ म्हणजे जादा कापड ठेवण्यास सांगितले जाते आणि पँटची किंवा स्कर्टची दुमड मोठी ठेवली जाते. पुढील वर्षी शिवण उसवून कपडा सैल व लांब करता येतो. तयार गणवेशात ही सोय सहसा कमी असते.

थोरल्या भावंडाचा गणवेश धाकट्याला देणे, नातेवाइकांत किंवा शेजाऱ्यांत तो पुढे देणे या पद्धती महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. काही ठिकाणी पालक किंवा माजी विद्यार्थी वापरलेले गणवेश गोळा करून गरजूंना देतात. या व्यवस्था टिकण्यासाठी गणवेशाचा रंग व नमुना अनेक वर्षे तोच राहणे आवश्यक असते. शाळेने किंवा शासनाने रंग बदलला, की घरातील चांगल्या स्थितीतील कपडे एकाच वेळी निरुपयोगी होतात. बदलाची ही किंमत गणवेशाच्या दरपत्रकात दिसत नाही.

कायदेशीर तरतुदी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्यानुसार ६ ते १४ वयोगटातील बालकाला प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यापासून रोखू शकेल असा कोणताही आकार किंवा खर्च त्याच्यावर लादता येत नाही. केंद्र शासनाच्या आदर्श नियमांत सरकारी शाळांतील बालकांबरोबरच, कलम १२ (१) (क) अन्वये खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या बालकांनाही मोफत पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश देण्याची तरतूद आहे. राखीव जागेवरील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते, कारण शुल्क माफ झाले तरी खाजगी शाळेच्या गणवेशाचा खर्च त्याच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असू शकतो.

याच अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. गणवेश नसल्याबद्दल विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभे करणे किंवा सर्वांसमोर अपमानित करणे यांसारख्या प्रकारांचा विचार या कलमाच्या संदर्भात केला जातो.

कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन केली जाते. या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के सदस्य महिला असतात. महाराष्ट्रात मोफत गणवेशाची खरेदी बहुतांश काळ या समित्यांमार्फत झाली आहे.

मोफत गणवेश योजना

सर्व शिक्षा अभियानाखाली प्रत्येक पात्र विद्यार्थ्याला दोन गणवेशांसाठी वर्षाला ४०० रुपये दिले जात. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना सुरू झाल्यावर ही रक्कम ६०० रुपये, म्हणजे प्रति गणवेश ३०० रुपये झाली. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्व मुली, तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले या योजनेस पात्र होती.

या निकषामुळे दारिद्र्यरेषेवरील इतर प्रवर्गांतील मुलगे योजनेबाहेर राहत. एकाच वर्गात काहींना नवा गणवेश मिळे आणि काहींना मिळत नसे. सर्व विद्यार्थी सारखे दिसावेत या गणवेशाच्या मूळ हेतूलाच त्यामुळे बाधा येत असल्याची टीका होत असे. अनेक ठिकाणी ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा स्वनिधी किंवा लोकवर्गणी यांतून उर्वरित मुलांसाठी कपडे घेतले जात. २०२३-२४ पासून राज्य शासनाने स्वतःच्या निधीतून या मुलांनाही योजनेत समाविष्ट केले. त्याचबरोबर सर्व विद्यार्थ्यांना एक जोड बूट व दोन जोड पायमोजे देण्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपयांची तरतूद करण्यात आली.

पहिली आणि आठवीच्या विद्यार्थ्यासाठी अनुदानाची रक्कम सारखीच असते. प्रत्यक्षात वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला अधिक कापड लागते. मोठ्या शाळेत लहान व मोठ्या मापांचा खर्च एकमेकांत सामावून घेता येतो. पटसंख्या कमी असलेल्या शाळेत तशी सवड राहत नाही.

थेट बँक खात्यात अनुदान

२०१७-१८ मध्ये गणवेशाची रक्कम थेट लाभ हस्तांतरण पद्धतीने विद्यार्थी व आई यांच्या संयुक्त बँक खात्यात देण्याचा निर्णय राबवण्यात आला. पालकांनी प्रथम स्वतःच्या पैशाने गणवेश घ्यावा, पावती शाळेत सादर करावी आणि नंतर ४०० रुपये खात्यात जमा व्हावेत, अशी ही पद्धत होती. खरेदीतील गैरप्रकार टाळणे आणि लाभ थेट कुटुंबापर्यंत पोहोचवणे हा तिचा उद्देश होता.

प्रत्यक्षात ज्यांच्याकडे आगाऊ खर्चासाठी पैसे नव्हते, त्यांनाच ही पद्धत सर्वाधिक गैरसोयीची ठरली. खाते उघडण्यासाठी बँकेच्या फेऱ्या माराव्या लागत आणि त्यात मजुरी बुडत असे. काही बँका खात्यात किमान शिल्लक ठेवण्यास सांगत आणि ही शिल्लक अनुदानाच्या रकमेपेक्षाही अधिक असे. या तक्रारींनंतर खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले.

एक राज्य, एक गणवेश

२०२३ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी राज्यातील सर्व शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी समान गणवेशाची घोषणा केली. ती करण्यात आली तेव्हा अनेक शाळा व्यवस्थापन समित्यांनी कापडाची मागणी आधीच नोंदवली होती. त्यामुळे २०२३-२४ साठी एक गणवेश समितीने ठरवलेल्या रंगाचा आणि दुसरा शासनाने ठरवलेला, अशी तडजोड करण्यात आली.

२०२४-२५ मध्ये योजना पूर्ण स्वरूपात लागू झाली. कापडाची खरेदी राज्यस्तरावर एकत्रितपणे करण्यात आली. आकाशी व गडद निळ्या रंगाच्या नियमित गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) माध्यमातून महिला बचत गटांकडे सोपवण्यात आली. दुसरा गणवेश स्काऊट-गाईडच्या धर्तीवर होता. त्याचे कापड शाळांना देऊन शिलाई स्थानिक पातळीवर समितीने करून घ्यायची होती. त्यासाठी प्रति विद्यार्थी १०० रुपये शिलाई व १० रुपये आनुषंगिक खर्च असा दर ठरवण्यात आला.

योजनेच्या बाजूने पुढील मुद्दे मांडले गेले: मोठ्या प्रमाणावरील खरेदीमुळे कापड स्वस्त व एकसारख्या दर्जाचे मिळेल, बचत गटांतील महिलांना काम मिळेल आणि कुटुंबाने गाव बदलले तरी विद्यार्थ्याला नव्या शाळेत तोच गणवेश वापरता येईल. शेवटचा मुद्दा ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने लक्षणीय होता.

अंमलबजावणीत मात्र मोठा विलंब झाला. योजनेत चाळीस लाखांहून अधिक विद्यार्थी होते आणि कापड कापून, शिवून गावोगाव पोहोचवायचे होते. स्वातंत्र्यदिनापर्यंतही अनेक शाळांना गणवेश मिळाले नव्हते. मिळालेल्या गणवेशांची मापे चुकल्याच्या व शिलाई निकृष्ट असल्याच्या तक्रारी विविध जिल्ह्यांतून आल्या. ११० रुपयांत शिलाई परवडत नसल्याचे शिंपी व बचत गटांनी सांगितले. गणवेश येईपर्यंत विद्यार्थ्यांनी गतवर्षीचे किंवा घरचे कपडे वापरले आणि काही पालकांना स्वखर्चाने गणवेश घ्यावा लागला.

डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलून २०२५-२६ पासून खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. रंग व रचना ठरवण्याचा अधिकारही समित्यांकडे परत आला.

योजनेबाहेरील कुटुंबे

महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भाग खाजगी अनुदानित संस्था चालवतात. या शाळांतील शिक्षकांचे वेतन शासन देत असले, तरी मोफत गणवेश योजना त्यांना लागू नाही. त्यामुळे समान आर्थिक स्थितीतील दोन कुटुंबांपैकी जिल्हा परिषद शाळेतील मुलाच्या कुटुंबाला गणवेश मिळतो आणि अनुदानित शाळेतील मुलाच्या कुटुंबाला तो विकत घ्यावा लागतो. तसेच जिल्हा परिषद शाळेतून आठवी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला नववीत नव्या शाळेत प्रवेश घेताना प्रथमच गणवेशाचा पूर्ण खर्च करावा लागतो. याच टप्प्यावर प्रवास आणि शिकवणी यांचाही खर्च वाढतो.

खाजगी शाळांतील खरेदीची सक्ती

विनाअनुदानित शाळांच्या बाबतीत पालकांची मुख्य तक्रार ठराविक दुकानातूनच खरेदी करण्याच्या सक्तीविषयी असते. साधा पांढरा सदरा किंवा निळी पँट कोणत्याही बाजारात मिळते. त्यावर शाळेचे बोधचिन्ह छापले, कापडाला विशिष्ट चौकडा ठरवला किंवा पायमोज्यांवर शाळेच्या रंगाची पट्टी दिली, की विक्रेता एकच उरतो आणि भाव करण्याची मुभा संपते. दर दोन-तीन वर्षांनी रचना बदलल्यास भावंडांमधील पुनर्वापरही थांबतो.

विशिष्ट विक्रेत्याकडून साहित्य घेण्याची सक्ती करू नये, अशा सूचना राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने वेळोवेळी दिल्या आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) एप्रिल २०१७ मध्ये संलग्न शाळांना आवारात पाठ्यपुस्तके, गणवेश इत्यादींची विक्री करण्यापासून व ठराविक विक्रेत्यांकडे पालकांना पाठवण्यापासून दूर राहण्यास सांगितले. बोधचिन्ह शिवता येईल अशी स्वतंत्र पट्टी देणे, किमान तीन विक्रेत्यांना नमुना उपलब्ध करून देणे आणि गणवेश बदलण्यापूर्वी पालकांना पुरेसा अवधी देणे, असे उपाय या संदर्भात सुचवले जातात.

उत्पादन व कर

सोलापूर हे तयार गणवेशांच्या निर्मितीचे महत्त्वाचे केंद्र असून तेथील गणवेश राज्याबाहेरही जातात. गणवेशासाठी पॉलिस्टर-व्हिस्कोज किंवा पॉलिस्टर-सुती मिश्र कापड प्रामुख्याने वापरले जाते. राजस्थानातील भिलवाडा हे अशा पँटच्या कापडाचे मोठे केंद्र आहे. मिश्र कापड लवकर वाळते, कमी चुरगळते व अधिक टिकते. सुती कापड उन्हाळ्यात अधिक सोयीचे असले तरी त्याचा रंग लवकर विटतो.

गणवेशाचे काम हंगामी असते. मागणी जूनच्या आगेमागे एकवटलेली असल्याने उत्पादकांना कपडे महिनोन्‌महिने आधी शिवून साठवावे लागतात. गावातील शिंप्यांसाठी मे व जून हा पूर्वी कमाईचा काळ असे. तयार गणवेशांच्या प्रसारामुळे हे काम कमी झाले आहे.

वस्तू व सेवा कराच्या रचनेत १,००० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के व त्याहून महाग कपड्यांवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कराची मर्यादा प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. पादत्राणांनाही हीच मर्यादा लागू झाली.

परिणामांविषयीचे संशोधन

गणवेश सक्तीचा करणे आणि गणवेश मोफत देणे यांचे परिणाम वेगवेगळे असल्याचे संशोधनातून दिसते. अमेरिकेत १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील शाळांनी गणवेश सक्तीचा केल्यावर शिस्त व निकाल सुधारल्याचे दावे झाले. डेव्हिड ब्रन्स्मा व केरी रॉकमोर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणवेशाचा उपस्थिती किंवा वर्तनावर थेट परिणाम आढळला नाही.

केनियात गरीब विद्यार्थ्यांना मोफत गणवेश देण्याचे प्रयोग झाले. एका प्रयोगात गणवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची अनुपस्थिती कमी झाली आणि ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांच्यात हा परिणाम अधिक होता. मात्र दीर्घकाळात तो टिकल्याचे आढळले नाही. एस्थर डुफ्लो, पास्कलीन ड्युपा व मायकेल क्रेमर यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोफत गणवेशामुळे मुलींच्या शाळागळतीत आणि किशोरवयीन गर्भधारणेत घट झाल्याचे दिसले. महाराष्ट्रातील शिक्षण, शुल्क व विवाहविषयक परिस्थिती केनियाहून वेगळी असल्याने हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तथापि, शिकवणी शुल्क नसतानाही गणवेशासारखा किरकोळ वाटणारा खर्च शाळेत टिकून राहण्यावर परिणाम करू शकतो, हे त्यांतून स्पष्ट होते.

इतरत्र

तामिळनाडूत पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला चार जोड गणवेश दिले जातात. केरळने २०१७ पासून सरकारी शाळांच्या गणवेशासाठी हातमागाचे कापड वापरण्यास सुरुवात केली आणि योजनेला विणकरांच्या रोजगाराशी जोडले. उत्तर प्रदेशात गणवेश, स्वेटर, बूट, पायमोजे, दप्तर व लेखनसाहित्य यांसाठी एकत्रित १,२०० रुपये पालकांच्या बँक खात्यात जमा केले जातात. इंग्लंडमध्ये गणवेशाच्या खर्चाविषयी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्यानुसार शाळांनी गणवेश परवडणारा ठेवावा, बोधचिन्ह असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवाव्यात आणि वापरलेले गणवेश मिळण्याची सोय करावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे देण्यात आली.

समर्थन व टीका

समर्थकांच्या मते गणवेशामुळे पालकांची बचत होते, कारण रोज वेगवेगळे कपडे पुरवावे लागत नाहीत आणि कपड्यांवरून मुलांमध्ये होणारी तुलना टळते. गणवेशातील मूल वाटेत, बसमध्ये किंवा सहलीत सहज ओळखता येते. ज्या कुटुंबांत वर्षातून एकदाच नवे कपडे घेतले जातात, तेथे शाळेचा गणवेश हाच मुलाचा सर्वांत चांगला पोशाख असतो आणि तो लग्नकार्यात किंवा प्रवासातही वापरला जातो.

टीकाकारांच्या मते गणवेश विषमता नाहीशी करत नाही, तिची जागा बदलतो. विटलेला सदरा, आखूड झालेली पँट किंवा बुटांऐवजी घातलेली चप्पल यांवरून घरची परिस्थिती वर्गात कळतेच. एकसारख्या पोशाखाच्या पार्श्वभूमीवर हा फरक अधिक उठून दिसतो. शिवाय शाळांनुसार बदलणारे गणवेश गावात किंवा वस्तीत सरकारी आणि महागड्या खाजगी शाळेतील मुलांमधील भेद ठळक करतात.

हेही पाहा

• बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
• समग्र शिक्षा योजना
• शाळा व्यवस्थापन समिती
• महिला आर्थिक विकास महामंडळ
• जिल्हा परिषद